नमुना सही

"जुळत नाही," खिडकीतले कारकून म्हणाले, आणि त्यांनी संगणकाचा पडदा थोरलीकडे फिरवला. "ताई, तुम्हीच बघा. ही आमच्याकडे आहे ती नमुना सही, आणि ही आजोबांनी आत्ता माझ्यासमोर केली ती. कुणी म्हणेल का ही एकाच माणसाची?"

कुणीच म्हणालं नसतं. पडद्यावरची सही झोकात होती. पहिल्या अक्षराला मोठा वळसा, शेवटच्या अक्षरातून निघालेलं शेपूट सगळ्या नावाखालून मागं गेलेलं, आणि त्याखाली दोन टिंबं. कागदावर मात्र एकमेकांशी भांडण झाल्यासारखी चार अक्षरं अंतर राखून उभी होती, त्यातलं तिसरं अर्धवट बसलेलं. गंमत अशी, की कागदावरची खरी होती. ज्याची परवान्यावर सही हवी त्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं, चष्मा पुसून, जीभ दातांत धरून केलेली. आणि पडद्यावरची, ती झोकातली, थोरलीची होती.

हे तिथं फक्त त्या बापलेकींना माहीत होतं.

"वयोमानानं हात थरथरला असेल," कारकून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांखाली काळं, गळ्यात दोरीनं अडकवलेलं ओळखपत्र, समोर फायलींचा असा ढीग की त्यांचं अर्धंच तोंड दिसावं. "पुढच्या आठवड्यात घेऊन या त्यांना. सराव करून या म्हणावं. पण एक सांगून ठेवतो, दुसऱ्यांदा जुळली नाही तर फाईल माझ्या हातात राहत नाही. चौकशीला जाते."

"चौकशीला म्हणजे?"

"म्हणजे मग सगळेच जुने अर्ज काढून बघतात," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

आता हे काय प्रकरण आहे ते नीट सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, बापाच्या खोट्या सह्या ठोकत बसली.

म्हातारा वजनकाटे दुरुस्त करायचा. बाजारामागच्या गल्लीत एक गाळा, इतका अरुंद की दोघं आत असली तर एकानं श्वास सोडल्यावर दुसऱ्यानं घ्यावा. भिंतीवर दांड्या, पारडी, साखळ्या, आणि खाली लाकडी पेटीत चढत्या क्रमानं मांडलेली पितळी वजनं. गाळा पालिकेचा, पण काट्याला हात लावायचा परवाना राज्याच्या वजनमाप ऑफिसचा. दोन्ही ऑफिसांचं एकमेकांशी जमत नाही ते कुणी जन्मात जमवू शकणार नाही. पालिका म्हणणार, आधी परवाना दाखवा मग गाळा देतो. वजनमापवाले म्हणणार, आधी गाळा दाखवा मग परवाना देतो. ज्याच्याकडे दोन्ही पूर्वीपासून आहेत त्यानं ती जपायची, बाकीच्यांनी घरी बसायचं.

थोरली शाळेतून सुटली की गाळ्यात येऊन बसायची. धाकटी बहीण खेळायला जायची, ही दांडीखालच्या पोलादी धारेवर बोट फिरवत बसायची. बापाला कागदांचा मनापासून तिटकारा. बोटांना तेल, कागदावर डाग, डागाचा कागद खिडकीतून परत, असं दोनदा झाल्यावर त्यानं नूतनीकरणाचा अर्ज पोरीच्या हातात दिला आणि म्हणाला, "जा, देऊन ये. तू हुशार आहेस." खिडकीशी गेल्यावर हिला दिसलं की बापानं सहीच केलेली नाही. खिडकी बंद व्हायला आलेली, पाठीमागं माणसं ढकलतायत. परत जाऊन येईपर्यंत मुदत संपली असती. मग तिनं तिथंच, भिंतीला कागद टेकवून, बापाची सही केली.

आणि इथं तिनं घोळ घातला. बापाची सही तिला माहीत होती. ती चार अक्षरं काढायला काय लागतं? पण ती वयानं सोळा-सतरा, आणि तिला वाटलं, आपल्या बापाची सही काय ही अशी गबाळी असावी? एवढा कसबी माणूस, गावातला प्रत्येक दुकानदार ज्याच्या शब्दावर तोलतो, त्याची सही जरा ऐटीत नको? म्हणून वळसा, म्हणून शेपूट, म्हणून ती दोन टिंबं. प्रेमानं केलं हो. पण प्रेमानं केलेलं निस्तरताना जास्त नाकी नऊ येतात.

अर्ज घेतला गेला, जुन्याशी ताडून कुणी पाहिलं नाही. पुढच्या वर्षी जुन्याशी जुळायला हवी म्हणून तीच सही. त्याच्या पुढच्या वर्षी तीच. केव्हातरी सगळे कागद संगणकावर चढले, तेव्हा कुणीतरी वरचा अर्ज उचलला आणि त्यावरची सही नमुना म्हणून कायमची चिकटवून टाकली. बापाला यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला एकदा दिसली होती. "ही माझी का?" म्हणाला, आणि जरा वेळ बघून, "बरी आहे की," असं म्हणून पुन्हा हातातली कानस चालवायला लागला.

दरम्यान दुसरीही एक उलटापालट झाली होती. बापाचे हात कापायला लागले तसं काम हिच्याकडे आलं. आधी साफसफाई, मग साखळ्या, मग धार लावणं, आणि मग सगळंच. धार लावणं म्हणजे खरं काम. दांडी ज्या पात्यावर झुलते ते पातं केसभर बोथट झालं तरी काटा खोटं बोलतो. थोरली ते पातं दगडावर इतकं हलकं ओढायची की आवाजसुद्धा येऊ नये, आणि मग दोन्ही पारडी रिकामी ठेवून दांडी स्थिर होईस्तोवर बसून राहायची. त्यासारखं सुख तिला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं, लग्नाचं तर सोडाच, ते तिनं केलंच नाही.

पण गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "बाबा कुठायत?" काटा हिनं खोललेला, हिनं जोडलेला, हिच्या नखांत पितळेचा कीस, आणि विचारणार बाबांना. ती म्हणायची, "बाबांनीच केलाय." कारण परवाना बाबांचा. ज्याच्या नावावर परवाना नाही त्यानं काट्याला हात लावणं गुन्हा. चाळिशी उलटली तरी गल्लीत तिला नाव नव्हतं, काटेवाल्याची पोर म्हणायचे तिला. आपण केलेल्या कामाला आपण केलं म्हणता येऊ नये, हे तिच्या घशात अडकून बसलं होतं. रोज गिळायची आणि रोज ते वर यायचं.

त्यातच डॉक्टरांनी सांगितलं, बाबांचं हृदय थकलंय, आता जपून. आणि नियम असा, की परवाना मुलांच्या नावावर होतो, पण धनी जिवंत असताना, त्यानं स्वतः खिडकीशी येऊन सही केली तरच. तो गेला की परवाना त्याच्याबरोबर गेला. मग नवा काढायचा तर तंत्रशाळेचं प्रमाणपत्र लागतं, आणि थोरलीनं तंत्रशाळेचं दारही पाहिलं नव्हतं. म्हणजे बाबा गेले की दुसऱ्या दिवसापासून तिनं काट्याला हात लावायचा नाही. पालिकेकडून ना हरकत दाखला मिळवता मिळवता तिच्या चपला झिजल्या होत्या. तो कसाबसा हातात आला होता आणि त्याचीही मुदत संपत आलेली. सगळं जमलं आणि घोडं अडलं ते या सहीपाशी.

ऑफिसातून दोघं रिक्षानं परतली. बाप गाळ्यात येऊन स्टुलावर टेकला आणि मग हसायलाच लागला. "म्हणजे बघ, माझी सही खोटी ठरली आणि तुझी खरी."

"हसू नका बाबा. मला इथं काही सुचत नाहीये."

"नाहीतर काय करू? नावही माझंच, हातही माझाच, आणि तो म्हणतो सराव करून या."

रात्री जेवताना धाकटीचा फोन आला. ती लांबच्या शहरात, तिचा नवरा तिथं मोठ्या दुकानात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, खरं सांगून टाक ना. पोरवयात झालं म्हणावं."

"आणि मग? इतक्या वर्षांचे सगळे अर्ज खोटे ठरतील. परवाना रद्द. वर बाबांना या वयात जबाब द्यायला फिरवतील."

"मग सोड तो धंदा. इकडे ये. इथं तुला काहीही मिळेल."

"मला काहीही नकोय गं," थोरली म्हणाली. "मला हेच हवंय." आणि तिनं फोन बापाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून गाळ्यात शाळा भरली. मुलगी मास्तरीण, बाप विद्यार्थी, आणि धडा काय, तर बापाचं स्वतःचं नाव. तिनं जुन्या बिलांच्या कोऱ्या पाठी पुढं केल्या. वर स्वतः सही करायची, खाली त्यानं गिरवायची.

"वळसा असा, डावीकडून. नाही, आधी वर जायचं."

"कशाला वर जायचं? अक्षर खाली आहे."

"सहीला असतं तसं."

"माझ्या सहीला नव्हतं," बाप म्हणाला आणि पेन आपटून बसला. मग थोड्या वेळानं स्वतःच उचललं. "हे शेपूट मागं का जातं? माणसानं पुढं जावं की मागं?"

"बाबा, मी सोळा वर्षांची होते."

"हां. ते दिसतंय."

विद्यार्थी हट्टी होता आणि मास्तरीण तापट. एकदा तर ती इतकी चिडली की तिनं त्याचा हात मनगटाला धरला आणि लहान मुलाचा धरतात तसा फिरवला. हात हलका झाला होता, नुसती कातडी आणि हाडं. त्या हातानं तिला दांडी धरायला शिकवलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. बाप मात्र शांतपणे म्हणाला, "असं होय. आता कळलं. दाबायचं नाही, ओढायचं. पात्यासारखं." आणि तिथून पुढं त्याला जमायला लागलं. म्हातारा एकदा कसबाला लागला की लागला. चहाच्या कपाखाली, वर्तमानपत्राच्या कडेला, औषधाच्या पुडीवर, जिथं बघावं तिथं शेपूट आणि दोन टिंबं. आठवडा संपता संपता त्याची सही हिच्यापेक्षा फक्त जराशी हलत होती. गिऱ्हाईक आलं, बाबा कुठायत म्हणालं, तर बाबा मान वर न करता म्हणाले, "बाबा अभ्यासाला बसलेत."

ठरल्या दिवशी दोघं सकाळीच खिडकीशी गेली. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जिन्यावर त्यांना दोनदा थांबावं लागलं, आणि दोन्ही वेळा थोरलीच्या मनात एकच गोष्ट आली, जी मुलीच्या मनात येऊ नये. आज नको, एवढं होऊ दे. मग तिनं मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारली आणि बापाच्या पाठीवरून हात फिरवला.

कारकुनांनी फाईल काढली. नवा अर्ज, पक्क्या कागदावरचा, शिक्का मारलेला. त्यावर दोन चौकोन. वरचा परवाना सोडणाऱ्याचा, खालचा घेणाऱ्याचा.

"आजोबा, सावकाश. वरच्या चौकोनात. रेषेला शिवायचं नाही."

बापानं पेन घेतलं. तो क्षणभर थांबला तेव्हा थोरलीला वाटलं, विसरले. पण तो फक्त श्वास घेत होता. मग वळसा वर गेला, अक्षरं एकमेकांना धरून आली, शेपूट मागं फिरलं, टिंब, टिंब.

कारकुनांनी कागद पडद्याशेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे. "वा," ते म्हणाले, "याला म्हणतात सराव." यंत्राखाली कागद सरकवून त्यांनी सही संगणकावर चढवली आणि कागद पुन्हा बाहेर दिला. "चला ताई, खालचा चौकोन. तुमची नमुना सही."

थोरलीच्या अंगातून सगळा ताण एकदम उतरला. कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली. झालं, सुटलो, एवढंच डोक्यात. तिनं पेन घेतलं आणि खालच्या चौकोनात सही केली.

आता तुम्हीच विचार करा. ही बाई वयात आल्यापासून या खिडकीशी येत होती. असल्याच कागदांवर, याच जागी तिनं सह्या केल्या होत्या, आणि एकच सही केली होती. घरात तिची स्वतःची सही लागायची ती कुठं? बँकेचं खातं बापाचं, वीज बापाच्या नावावर, घर बापाचं. त्या खिडकीच्या कट्ट्यावर मनगट टेकलं की हाताला दुसरं काही येतच नव्हतं. शेपूट ओढून झालं, पहिलं टिंब पडलं, तेव्हा तिला दिसलं आपण काय लिहिलंय. दुसरं टिंब तरीही पडलंच.

एकाखाली एक, दोन चौकोनांत, दोन सारख्या सह्या. वरची जराशी हललेली. खालची एकदम पक्की.

कारकुनांनी कागद उचलला. वर बघितलं, खाली बघितलं, मग पडद्याकडे बघितलं, आणि तिथं बराच वेळ बघत राहिले. माणूस मूर्ख नव्हता. बापानं कट्टा घट्ट धरला होता.

"दुसरा कागद द्या," ती कसंबसं म्हणाली. "चुकून झालं. मी माझी करते."

"खाडाखोड चालत नाही ताई," ते हळू आवाजात म्हणाले. पाठीमागच्या टेबलावर त्यांचे साहेब बसले होते, तिकडे त्यांनी एक नजर टाकली. "वरची सही चढवून झालीय. कागद रद्द करायचा तर का रद्द केला ते मला लिहावं लागतं, आणि हा कागद फाईलला जोडावा लागतो. हाच कागद. तो वर जाणार, आणि वर बसलेल्यांना डोळे असतात."

मागून कुणीतरी खोकलं.

"मी एकच विचारतो," कारकून म्हणाले. "नियमात असं कुठं लिहिलेलं नाही की सही म्हणजे स्वतःचं नावच असलं पाहिजे. लिहिलंय ते असं, की अर्जदार नेहमी करतो ती खूण. ही तुम्ही नेहमी करता का?"

थोरलीनं बापाकडे पाहिलं. मग कारकुनांकडे. त्या खिडकीशी ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरं बोलली.

"हो. मीच करते."

"मग हीच तुमची," ते म्हणाले आणि कागद यंत्राखाली सरकवला. "पण नीट ऐका. आजपासून कायम हीच. दर नूतनीकरणाला, प्रत्येक काट्याच्या दाखल्यावर, पालिकेत, जिथं जिथं या परवान्याचं काम पडेल तिथं. बदलायला गेलात तर सगळं पहिल्यापासून तपासतात, आणि ते तुम्हाला परवडणार नाही. मलाही नाही. कळलं?"

"कायम?"

"परवाना आहे तोवर."

परवाना म्हणजे तिचा जन्मच होता. तिला एकदम गाळ्यात कोंडल्यासारखं झालं, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये. इतकी वर्षं तिला वाटत होतं की एकदा कागद आपल्या नावावर झाला की बापाच्या नावाखालून आपण बाहेर येऊ. कागद नावावर झाला होता. आणि तिनं स्वतःच्याच हातानं बाहेरून कडी लावून घेतली होती. कुणावर चिडायचं तेही कळेना. बापावर? या भल्या माणसावर? त्या सोळा वर्षांच्या पोरीवर, जिला बापाची सही ऐटीत हवी होती?

"आणि आजोबा," कारकून म्हणाले, "एका सहीला दोन धनी चालत नाहीत. तुम्ही आता ही करायची नाही."

"मग मी कुठली करू?"

"दुसरी येते का कुठली?"

"येते एक," बाप म्हणाला. "पण वाकडी आहे."

"चालेल. ती करा."

परवाना घ्यायला शेजारच्या खिडकीशी जायचं होतं. तिथं एक तरुण मुलगी बसली होती, तिनं वही पुढं सरकवली आणि दोघांना सही करायला सांगितलं, सोडणाऱ्याला आधी. बापानं वही स्वतःकडे ओढली. चष्मा पुसला. एकेक अक्षर वेगवेगळं, अंतर ठेवून, तिसरं अर्धवट बसलेलं, असं आपलं नाव त्यानं लिहिलं आणि कौतुकानं बघत राहिला. शाळा सुटलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता. "बघ," तो थोरलीला म्हणाला, "अजून येते."

मग त्यानं पेन तिच्या हातात दिलं. समोर नवा कोरा परवाना होता आणि त्यावर छापलेलं तिचं नाव, पहिल्यांदाच, बापाच्या आधी, मोठ्या टायपात. तिनं ते दोनदा वाचलं. नंतर वहीवर वाकून तिनं वळसा घातला, शेपूट मागं ओढलं आणि दोन टिंबं दिली.

मुलीनं वही फिरवून पाहिली. "ताई, हे तर वडिलांचं नाव झालं. वडील इथंच उभे आहेत, त्यांनी केलीय. तुम्ही तुमची करा ना."

"हीच माझी," थोरली म्हणाली, आणि परवाना उचलून मागच्या माणसाला जागा करून दिली.